मास्तर कशासाठी परत गेले

पाटोळे सरांचा जीवनवृत्तांत गेल्या महिन्यात माझ्याच दुकानात टाइप झाला. चर्चच्या पाळकांनी लिहिला होता. जन्म, शिक्षण, सेवा, निवृत्ती, प्रभूमध्ये विसावले. सगळं एका पानात, गुळगुळीत, कुठे खाच नाही की खोच नाही. टाइप करताना माझं डोकं इतकं तापलं की दोनदा चुकीची कळ दाबली गेली. सरांनी असलं पान पाहिलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारला असता, "हे कोणाच्या तोंडचं?"

नगरला मिशन कंपाउंडच्या मागच्या रस्त्यावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भाडेकरार, बायोडाटा, काय येईल ते मी टाइप करते. सरांशी ओळख झाली ती भांडणाने. माझी बहुतेक टिकाऊ नाती अशीच सुरू झालेली आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. एका सकाळी पांढरा शर्ट खोचलेले, उंच आणि जरासे पुढे वाकलेले गृहस्थ आले. "सलाम," म्हणाले, आणि पेन्सिलीने लिहिलेले दोन कागद टेबलावर ठेवले. चारला अंत्यविधी होता. ख्रिस्ती लोकांत त्या उपासनेत गेलेल्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचतात, आणि मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या लोकांत, कोणीही गेलं की तो लिहायचं काम सरांकडे असायचं. घरोघर जाऊन, नातेवाइकांशी बोलून ते लिहायचे.

गेलेले गृहस्थ निवृत्त कंपाउंडर होते. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की भावाशी भांडण होऊन त्यांनी गाव सोडलं. चार ओळी खाली लिहिलं होतं की दुष्काळात गाव सोडलं, आणि भाऊ वेशीपर्यंत पोचवायला आला. मी शहाणी. दुसरं वाक्य उडवून टाकलं. सर तीनला आले, उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "एक वाक्य कमी आहे."

"ते विसंगत होतं," मी म्हटलं.

"विसंगत होतं. जास्तीचं नव्हतं." आवाज चढला नाही, पण कान लाल झाले होते. "भांडणाचं त्यांच्या मुलीने सांगितलं, वेशीचं भावाने. आज दोघं पहिल्या बाकावर बसणार आहेत. तुम्ही भावाला बाहेर बसवलंत, कुलकर्णीबाई."

कंपाउंडरच्या एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं? मी आदळआपट करत वाक्य परत घातलं. पण मनात किडा वळवळला, म्हणून चारला चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी दोन्ही वाक्यं एकाच सुरात वाचली. मुलीने आपल्या वाक्याला मान डोलावली, भाऊ आपल्या वाक्याला ओक्साबोक्शी रडला, आणि मधल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सर तीस वर्षं बाहेरगावी पाळक घडवणाऱ्या विद्यालयात हिब्रू आणि जुना करार शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर आईला घेऊन नगरला आले आणि कंपाउंडजवळ दोन खोल्यांत राहिले. आई, सुंदराबाई, नव्वदीला टेकलेल्या. चणीने एवढ्याशा, पण सरांना अजून "उन्हाचा हिंडू नको" म्हणून दटावायच्या.

त्यांचा विषय काय हे मला दुकानातच कळलं, तेही माझ्याच धंद्याच्या भाषेत. मी विचारलं होतं, हिब्रू शिकून माणूस नेमकं करतो काय? त्यांनी बायबलमधल्या जलप्रलयाच्या गोष्टीची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. "बाई, तुम्ही मजकूर रोज हाताळता. वाचा आणि सांगा, एका बैठकीत लिहिलंय का?" मी वाचू लागले आणि पाचव्या मिनिटाला हात टेबलावर मारला. कोणी दोन फाइलींमधला मजकूर एकात चिकटवला की मला लगेच कळतं. शब्द बदलतात, चाल बदलते. इथे तसंच होतं. एकीकडे प्राण्यांच्या जोड्या दोन-दोन, दुसरीकडे शुद्ध प्राण्यांचे सात-सात. एकीकडे चाळीस दिवस पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवस पाणी. एका तुकड्यात 'परमेश्वर' बोलतो, दुसऱ्यात 'देव'. इथे कावळा सोडतात, तिथे कबुतर.

"सर, ह्या दोन फाइली आहेत!"

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग त्यांनी सांगितलं, की जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं मोशेने लिहिली अशी परंपरा आहे, पण अभ्यासकांना त्यात निरनिराळ्या काळातले, निरनिराळ्या लोकांचे लेखी उगम दिसतात. चार उगम, असं बरेच दिवस मानत होते. "आता नवे लोक म्हणतात, चार नव्हेत. काही म्हणतात तुकडे होते, काही म्हणतात थर. भांडू देत. जोड आहे एवढं त्यांनाही नाकारता येत नाही."

"पण ज्याने चिकटवलं त्याने नंतर एकदा वाचून नाही पाहिलं?"

"वाचलं असणार. म्हणूनच दोन्ही ठेवलं." ह्या वाक्याला त्यांचा आवाज खाली आला. "त्याला एक ठेवून एक टाकता आलं असतं. सोपं होतं. त्याने टाकलं नाही. मी आयुष्यात ह्या एका माणसाला भ्यालो, बाई. नाव नाही, गाव नाही. पण त्याने कोणाचं काही टाकलं नाही."

भ्यालो, हा शब्द मला तेव्हा खटकला होता. मला वाटलं, मास्तरकीतला अलंकार असेल.

ह्या सगळ्यापायी त्यांचं मंडळीत पटायचं नाही. एका रविवारी त्यांना उपदेशाला उभं केलं आणि त्यांनी व्यासपीठावरून हेच सांगितलं. एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे आमचं शास्त्र ठिगळाचं, असंच ना?" सर म्हणाले, "ज्यांच्या हातून आलं त्यांनी काही लपवलं नाही, एवढंच." तेव्हापासून उपदेशाला बोलावणं बंद झालं. जीवनवृत्तांताला मात्र तेच लागायचे. त्या वडीलधाऱ्यांच्या बायकोचाही सरांनीच लिहिला. बाई रागीट होत्या हे मुलाकडून आणि शांत होत्या हे सुनेकडून कळलं होतं. दोन्ही वाचलं. मी मागच्या बाकावर ओठ चावत बसले होते.

आता त्या घराचं सांगते. एका संध्याकाळी प्रूफं द्यायला गेले आणि आत शिरताना सवयीने दाराला कडी लावली. सुंदराबाई खाटेवरून ओरडल्या, "कडी काढ!" नव्वदीच्या बाईत एवढा आवाज! मी घाबरून काढली. त्या दाराकडे तोंड करून पडून राहिल्या. सर मला बाहेर सोडायला आले आणि म्हणाले, "दिवेलागणीला आमच्याकडे कडी लावत नाहीत. आई झोपली की मग लावतो." कारण विचारायची माझी जीभ वळवळत होती, पण त्यांचं तोंड पाहून चपला पायात सरकवल्या. त्या उघड्या दारातून वारा आत येत होता आणि ते दोघं, एक आत आणि एक बाहेर, दाराकडेच पाहत होते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. तरी त्या दिवशी मला त्या घरात तिसरं कोणीतरी येणार असल्यासारखं वाटलं, आणि मी घाईघाईने निघाले.

नंतर मंडळीतल्या एकीकडून कळलं. सरांचे वडील शेवगावच्या बाजूला एका खेड्यात धर्मशिक्षक होते. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. धरणात गाव जाणार म्हणून लोक कोसभर वर नव्या गावठाणात राहायला गेले. पाणी हळूहळू चढत होतं, लोक जुन्या गावात जाऊन दारं, तुळया, राहिलेलं सामान आणत होते. असेच मास्तर एका दुपारी चर्चचं मोठं शास्त्र, म्हणजे बायबल, आणायला परत गेले. वर कुठे पाऊस झाला होता, पाणी एकदम फुगलं. मास्तर आले नाहीत आणि देहही मिळाला नाही. नव्या गावच्या चर्चमध्ये त्यांच्या नावाची फरशी आहे. पवित्र शास्त्रासाठी प्राण दिला, असं तिच्यावर कोरलेलं आहे.

सुंदराबाई ह्या फेब्रुवारीत गेल्या. दफन नगरला झालं, पण महिन्याने स्मरणाची उपासना नव्या गावी ठेवायचं ठरलं, आणि तिथे आईचा जीवनवृत्तांत वाचायचा होता. सर कागद न घेता दुकानात आले. म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही टाइप करा." असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. जन्म झाला, लग्न झालं. मग म्हणाले, "त्यांचे पती चर्चमधील पवित्र शास्त्र आणण्यासाठी जुन्या गावात परत गेले." मी टाइप केलं.

"खोडा."

खोडलं.

"नाही, ठेवा."

ठेवलं. पुन्हा म्हणाले खोडा. तिसऱ्यांदा मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "सर, माझा वेळ जातोय. काय ते एक ठरवा." आज हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून पुन्हा बंद केलं. मग म्हणाले, "शास्त्र आधीच आलं होतं. मीच बैलगाडीत मांडीवर धरून आणलं होतं. अजून त्या चर्चमध्ये आहे, रोज त्याच्यातूनच वाचतात. फरशीसमोर. पन्नास वर्षांत एकानेही विचारलं नाही, की जे आणायला मास्तर गेले आणि आलेच नाहीत, ते इथे कसं? मनात आलंच असेल तर म्हणाले असतील, दोन असतील."

ते सतरा वर्षांचे होते. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ठेवलेली पत्र्याची पेटी जुन्या घराच्या माळ्यावर राहिली होती. जेवताना त्यांनी तशी कुरकुर केली. वडील काही बोलले नाहीत, हात धुऊन उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सगळं गाव दारात जमलं आणि विचारू लागलं, मास्तर कशाला गेल्ते? मुलगा म्हणाला, शास्त्र आणायला. "एवढंच म्हणालो, बाई. माझ्या तोंडचं आहे ते. पहिला जीवनवृत्तांत मी तो लिहिला, आणि त्यात खरं होतं ते टाकून दिलं. आईला ठाऊक होतं. ती जेवायला वाढत होती. पन्नास वर्षं ती माझ्यासमोर त्यावर एक अक्षर बोलली नाही. आता ती गेली. मी हे सांगितलं नाही तर तिचाही उगम बुडाला."

मला रडू आलं. मी पंखा मोठा केला, उगाच. मग त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं, पेटीसकट.

नव्या गावी त्यांना माझ्याच गाडीने घेऊन गेले. एवढं ऐकल्यावर त्यांना एकट्याला एसटीत बसवणं मला जमलं नसतं. सत्तर किलोमीटरमध्ये ते दोनच वाक्यं बोलले. पहिलं, "सावकाश घ्या." दुसरं, "ते फरशी काढतील." चर्च भरलं होतं. ख्रिस्ती होते, तसे मास्तरांना ओळखणारी इतर घरंही आली होती, फेटेवाले म्हातारे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. सरांनी वाचायला सुरुवात केली. शास्त्र कधी आणलं ते वाचलं. पेटी वाचली. जेवतानाची कुरकुर वाचली. "हे मी लपवलं," असं शेवटी वाचलं आणि कागद हातात तसाच धरून उभे राहिले. त्यांची मान खाली होती. जे काही येईल ते झेलायला उभे होते.

मग बायकांतून एक म्हातारी भिंतीला धरून उठली. पाटलाच्या शेजारच्या घरची, ताराबाई.

"शमू," ती म्हणाली. सरांचं नाव शमुवेल हे मला एकदम आठवलं. "पेटीसाठी न्हाई गेले मास्तर. माझ्या शेळीसाठी गेल्ते. मी आठ दिसांची बाळंतीन. दूद न्हवतं मला. शेळी तितंच गोठ्यात ऱ्हायली हुती. मीच हात जोडले त्यांना. तुज्या आईच्या तोंडाकडं बगायची माजी टाप न्हवती. म्हनून न्हाई बोलले कदी."

ती खाली बसते न बसते तोच पुरुषांतून भीमराव नावाचे शेतकरी उठले, साठीचे. "आमच्या बापानं मरताना मला सांगितलं. चौकट काढाया त्यानंच मास्तरांना संगं नेलं हुतं. एकट्याच्यानं निगत न्हवती. पानी बगून बाप निम्म्यातून माघारी फिरला, मास्तर पुढं गेले. बाप मग नव्या घराच्या दारातनं कदी नीट आत आला न्हाई."

तेवढ्यात पाळकांनी घाबरून गीत जाहीर केलं आणि सगळे गाऊ लागले. सर गात नव्हते. मी वेडी मनातून आनंदले होते. वाटलं, सुटला बिचारा. जेवणं झाल्यावर अंगणात तसं बोललेही. "सर, मोकळे झालात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या कंपाउंडरच्या वाक्याच्या वेळी पाहिलं होतं. "कसला मोकळा? पन्नास वर्षं मला एवढं तरी ठाऊक होतं, की ते माझ्यासाठी गेले."

त्या गावातल्या तीन घरांनी एकच माणूस आपापल्या माळ्यावर लपवून ठेवला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यामुळेच गेला. दुसऱ्या घरी काय चाललंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अंगणात पत्रावळी उचलत होते, मुलं पळत होती, आणि मला त्या उन्हातसुद्धा सारखं वाटत होतं की मास्तर येऊन दारात उभे आहेत आणि कोणी त्यांना कशाला गेला होतात म्हणून विचारत नाहीये.

सर म्हणाले, मी इथे आठ दिवस राहतो. आणखी कोणाकडे काही असेल तर लिहून घेतो. चर्चच्या खोलीत त्यांची सोय झाली. त्या आठ दिवसांतच, झोपेत, ते गेले. वही तिथल्या पाळकांकडे आहे असं म्हणतात. मी तीनदा मागितली, तीनदा "बघू" असं उत्तर आलं. चौथ्यांदा जाणार आहे.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उपासनेच्या दुपारीच. निरोप घ्यायला शोधत गेले तर ते ताराबाईंना घेऊन पाण्याकडे उतरले होते. चैत्रातलं पाणी, बरंच मागे हटलेलं, पण गाव दिसण्याइतकं नाही. नुसता सपाट, पांढरट पसारा. दोघं काठच्या दगडावर बसले होते. सरांच्या मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि ते वर्गात विचारावं तसे विचारत होते.

"शेळी कोणत्या रंगाची होती, तारामावशी?"

"बांडी."

"बांधली कुठे होती?"

"उगवतीच्या खुंट्याला."

"मास्तर जाताना काही बोलले?"

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हनले, शमूला सांगू नका. कळलं तर संगं यायला लागंल त्यो."

पेन्सिल थांबली. सरांनी मान वळवून मला पाहिलं आणि हलक्या आवाजात, जणू आम्ही दुकानातच आहोत असं म्हणाले, "ही ओळ नंतरची आहे, बाई. इतकी नेमकी बसणारी ओळ नंतरच घातलेली असते." आणि त्यांनी ती लिहून घेतली.

"पुन्हा सांगा, मावशी."

तिने पुन्हा सांगितलं. ह्या वेळी दोन शब्द वेगळे होते. त्यांनी पहिली ओळ तशीच ठेवून खाली दुसरी लिहिली. चष्म्याखालून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. मला नगरला परतायला उशीर होत होता. मी चढण चढून वर आले आणि गाडीजवळून वळून पाहिलं. सर तिच्या तोंडाजवळ कान नेऊन तिला तेच तिसऱ्यांदा सांगायला लावत होते.